चटईएवढं गवत

आमच्या लॅबला पोस्टाने गवत यायचं. बुटांच्या खोक्यात, बिस्किटांच्या डब्यात, एकदा तर लग्नाच्या केकच्या डब्यात, आणि त्या डब्याच्या तळाला केकचे मनुके अजून चिकटलेले होते. बरोबर बहुतेक एकच मजकूर असायचा: हे का मरतंय, लवकर सांगा, शनिवारी मॅच आहे.

मँचेस्टरची ट्राम जिथे संपते तिथून पुढे बसने थोडं गेलं की आमची लॅब. तिथे मी निवृत्त होईपर्यंत वीसेक वर्षं गवताचे रोग ओळखायचं काम केलं. नागपूरला असलेल्या माझ्या आईला हे शेवटपर्यंत पचलं नाही. पोरगी शेतकी कॉलेजात शिकली, विलायतेला गेली आणि करते काय, तर गवत वाचवते! "आपल्याकडे गवत उपटतात गं," असं ती दर फोनला मला आठवण करून द्यायची. मी तिला सांगायचे, की इथे क्रिकेट, गोल्फ, बोल्स, टेनिस सगळं गवतावर चालतं आणि त्या गवतासाठी माणसं रडतात. तिला वाटायचं मी थट्टा करतेय.

काम तसं सरळ होतं. आलेला गवताचा गाभा, म्हणजे माती-मुळांसकट कापून काढलेला मूठभर तुकडा, आधी नुसता बघायचा, हुंगायचा, मुळं धुऊन तपासायची. मग ओल्या कागदावर ठेवून डबा बंद करायचा. बुरशी असली तर सकाळपर्यंत पानांवर कापूस पिंजल्यासारखे धागे येतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि मालकाला फोन करायचा. यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड. वाईट बातमी सांगायला डॉक्टरांना शिकवतात म्हणे, आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

आपली मंडळीही गिऱ्हाईक म्हणून यायची. लंडनच्या पिनर भागातून एका काकांचा फोन आला होता. "मॅडम, आमच्या बॅक गार्डनमध्ये परफेक्ट सर्कल आलंय हो. कंपासने काढल्यासारखं. मी कौन्सिलला पण विचारलं, ते म्हणाले नॉट अवर डिपार्टमेंट." मागून काकूंचा आवाज आला, "त्यांना सांगा ना, शेजारणीने काहीतरी केलंय ते!" मी सांगितलं की जमिनीत बुरशी मध्यापासून बाहेर पसरत जाते, म्हणून असं गोल रिंगण उमटतं, शेजारणीचा काही संबंध नाही. काका खूश झाले. काकू मात्र नाराज झाल्याचं फोनवरूनही कळलं. चांगली सापडलेली गुन्हेगार मी त्यांच्या हातून सोडवली होती.

पण आज सांगायचंय ते केनबद्दल.

केन आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या एका बोल्स क्लबचा, म्हणजे हिरवळीवरून जड गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबचा, ग्रीनकीपर, ती हिरवळ राखणारा. सत्तरी ओलांडलेला, बिस्किटांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा. आमच्या इथल्या बोल्सचं ग्रीन सपाट नसतं. मधोमध किंचित उंच असतं, पालथ्या बशीसारखं. त्यावरचं गवत इतकं बारीक कापतात की गालिचा वाटावा. केनच्या क्लबचं ग्रीन शंभरेक वर्षांचं होतं आणि त्यातली तीसेक वर्षं ते केनच्या हातात होतं. रोज पहाटे तो एक लांब, लवचीक काठी घेऊन अख्ख्या ग्रीनवरचं दव झटकत फिरायचा, कारण दव राहिलं की बुरशीला आयतं पाणी मिळतं. लोक देवाला फुलं वाहतात त्या वेळी हा गवताचं अंग पुसायचा.

तरी त्याच्या ग्रीनला रोग लागला. डॉलर स्पॉट नावाची बुरशी आहे. गवतावर नाण्याएवढे वाळके ठिपके पडतात, मग ते एकमेकांना भिडतात आणि गालिच्याला कसर लागल्यासारखं दिसतं. पूर्वी ती या देशात फारशी नसायची. आता उन्हाळे तापायला लागले तशी ती आली. आणि नेमकी त्याच सुमाराला केनची भरवशाची औषधं एकामागून एक बाजारातून काढून घेतली गेली. काढली ते बरोबरच केलं, ती माणसाला आणि पाण्याला चांगली नव्हती. पण केनला हे तोंडावर सांगताना माझी जीभ जड व्हायची.

त्याच काळात आमच्याकडे एक वेगळं गवत होतं. बेंट नावाची गवताची जात असते, ग्रीनवर हीच लावतात. तिच्यात जनुकीय बदल करून तणनाशक सोसायची ताकद घातली होती. म्हणजे औषध फवारलं की आजूबाजूचं सगळं तण मरतं आणि हे गवत ढिम्म उभं राहतं. आमची बॉस, डॉक्टर हेलन, हिला वेगळाच प्रश्न पडला होता. तणनाशक गवताला मारत नाही हे कळलं, पण गवतावरच्या बुरशीचं ते काय करतं? औषधाच्या माराने गवत थकून रोगाला जास्त बळी पडतं, की उलट बुरशीच थकते?

हे पाहायचं तर गवताला आधी मुद्दाम आजारी पाडायला हवं. ते खातं माझ्याकडे होतं. धान्य उकडायचं, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे शिट्टी नसलेल्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, निर्जंतुक करायचं, त्यावर बुरशी वाढवायची आणि ते दाणे गवतावर पेरायचे. उकडलेल्या धान्याचा वास सुटला की मला हटकून घुगऱ्यांची आठवण यायची आणि भूक लागायची. हेलन म्हणायची, "सू, तू रोग शिजवताना गुणगुणतेस, हे बरं लक्षण नाही." सुनंदाची सू तिनेच केली होती.

उत्तर मिळालं ते सुखावणारं होतं. फवारलेल्या गवतावर डॉलर स्पॉटचे ठिपके स्पष्ट कमी आले. झाड स्वतःसाठी काही पदार्थ बनवतं, ते बनवायची वाट हे औषध अडवतं, आणि तशीच वाट बुरशीतही असते. म्हणून तण आणि बुरशी दोघांनाही फटका बसतो, आणि ज्याला आम्ही पर्यायी वाट दिलेली असते ते गवत तेवढं सुटतं. सगळ्या बुरशींवर हे चाललं नाही, फवारणीची वेळ चुकली तर डॉलर स्पॉटवरही नाही. पण चाललं तिथे छान चाललं. त्या गवताचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, कारण लोक शेवटी तेच विचारतात. प्रकल्प संपला आणि नियमाप्रमाणे सगळं गवत ऑटोक्लेव्हमध्ये घालून मारलं. तो कुकर मीच लावला. इतकी वर्षं जपलेलं, इतकं हिरवं गवत! वाईट वाटलं, आणि ते मी लपवलंही नाही.

मारायचं कारण असं, की हे गवत बाहेर जाणं कायद्याने बंद होतं. काचघराला दोन दारं, आतले कोट वेगळे, बूट वेगळे. गवताला तुरा येऊ द्यायचा नाही, कारण बेंटचे परागकण वाऱ्याबरोबर कुठेही जातात आणि रानातल्या भाऊबंदांशी सोयरीक जमवतात. शिवाय बेंटचा एवढासा धुमारा ओल्या मातीत पडला तरी तो मूळ धरतो. बाहेर पडताना प्रत्येकाने पँटची दुमड उलटून ब्रशने झाडायची. मी या बाबतीत खाष्ट सासू होते.

हेलनने एकदा चार-पाच ग्रीनकीपरांना आमचं काम पाहायला बोलावलं. त्यात केन होता. सगळ्यांनी कोट घातले, बूट बदलले, प्रश्न विचारले. केन मात्र एका कुंडीपाशी गुडघ्यावर बसला तो उठेचना. अर्धी कुंडी फवारलेली, अर्धी न फवारलेली. एकीकडे ठिपके, एकीकडे स्वच्छ हिरवं. त्याने त्या हिरव्यावरून बोटं फिरवली, लहान मुलाच्या जावळावरून फिरवावीत तशी.

"सू, यातलं थोडं मला मिळालं तर?"

"केन, तुम्हाला माहितीये, नाही देता येणार. तुरुंगात जाईन मी."

"मी येईन ना भेटायला, लव्ह," तो म्हणाला (इकडे दुकानदारही सगळ्यांना लव्ह म्हणतो), आणि सगळे हसले. जाताना मी प्रत्येकाची दुमड झाडून घेतली. त्याचीही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. आवाज लग्न ठरल्यासारखा. "सू, ये. लगेच ये. एक तुकडा स्वच्छ आहे!"

मी गेले. अख्ख्या ग्रीनवर ठिपके माजलेले, आणि बाकाशेजारी चटईएवढा एक तुकडा लख्ख हिरवा. एक ठिपका नाही. मी खाली बसून पाहिलं. बेंटच होतं, घट्ट, बारीक पानांचं. केन माझ्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीची वाट बघत. आणि मला मात्र आमची ती अर्धी फवारलेली कुंडी आठवली: बाकाच्या पायाशी उगवणारं तण मारायला केन तेच तणनाशक वापरायचा, त्याचे थोडेफार शिंतोडे या तुकड्यावर उडत असणारच.

इथे ग्रीनकीपरांची एक सवय सांगायला हवी. हे लोक दुसऱ्याच्या ग्रीनवर गेले की बोलता बोलता वाकतात, दोन काड्या खुडतात, बोटांत चुरतात, हुंगतात आणि नकळत खिशात टाकतात. आपल्याकडे बायका दुसरीच्या अंगणातून शेवंतीची एखादी फांदी मोडून आणतात तसंच. त्यात चोरी कुणी मानत नाही. आणि केन मॅच नसेल तेव्हा याच बाकावर बसून खिसे रिकामे करायचा. चुरा, धागे, पेपरमिंटचे कागद. ते मी स्वतः पाहिलं होतं.

"केन," मी म्हटलं, "आमच्याकडे आला होतात, तेव्हा त्या कुंडीतलं काही खुडलं होतंत का?"

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही. त्याने आपले दोन्ही हात वर करून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला. "नाही म्हणून शपथ घेतली असती, पण ही बोटं मला विचारून काही करत नाहीत."

मग मी त्याला सगळं स्पष्ट सांगितलं. ते गवत आमचं निघालं तर सरकारी निरीक्षकांना कळवावं लागेल. आमचा प्रकल्प बंद होईल, ते एक झालं. पण हा तुकडा नुसता उचलून भागणार नाही. धुमारे कुठवर गेले असतील सांगता येत नाही, म्हणून अख्खं ग्रीन खोलवर उकरून, सगळी माती नेऊन मारावी लागेल. आणि क्लबकडे नवं ग्रीन करायचे पैसे नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पलीकडच्या पबचा मालक कधीपासून ती जागा गाड्या लावायला मागत होता.

"हेलनला सांगणार तू?"

"आजच."

"सांग," तो म्हणाला. "सांगायलाच हवं." आणि मग जरा वेळाने, "मी तोपर्यंत कापू का ग्रीन? का तसंच वाढू देऊ?"

मी म्हटलं, कापा, पण कापलेली एक काडीही बाहेर जाऊ देऊ नका. सगळं पिशव्यांत भरून ठेवा. खेळ बंद ठेवा. त्याने मान हलवली आणि शेडमधून दोरी आणून त्या तुकड्याभोवती बांधली. मी त्यातला एक गाभा काढून डब्यात घेतला आणि गाडीत बसले. आरशात तो अजून दोरीजवळच उभा दिसत होता.

हेलनने सगळं ऐकून डोक्याला हात लावला. मग तिने दोन गोष्टी केल्या. जनुकाच्या चाचणीसाठी नमुना बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवला, आणि निकाल येईपर्यंत आमची घरगुती परीक्षा सुरू केली. ती फार सोपी असते. ब्रशने पानांना तणनाशक लावायचं. आमचं गवत असेल तर काही होणार नाही. साधं गवत असेल तर मरेल. काचघरात मी तीन कुंड्या ओळीने मांडल्या: एक आमच्या गवताची, एक बाजारातल्या साध्या बेंटची, आणि मध्ये केनची. तिघींना सारखंच औषध लावलं.

आणि मग मी त्या गवताच्या मरणाची वाट बघत बसले. आयुष्यभर उलटं केलं होतं. घरी आमचे हे विचारायचे, "काय, मेलं का?" आणि मी म्हणायचे, "नाही हो अजून."

हे औषध सावकाश काम करतं. आठवडाभर काहीच दिसलं नाही. मग एका सकाळी साध्या बेंटची टोकं पिवळी पडलेली दिसली. केनची कुंडी हिरवीगार. दुसऱ्या दिवशी साधं बेंट माना टाकून बसलं. केनची कुंडी हिरवीगार! हेलन येऊन बघून गेली. तिने निरीक्षकांचा नंबर काढून टेबलावर ठेवलेला मला दिसला. मी त्या कुंडीपुढे उभी राहून मराठीत शिव्या दिल्या. "मर ना गं," म्हटलं, "एकदाची मर ना! त्या म्हाताऱ्यासाठी तरी मर!" काचघराबाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्यांनी मलाच बांधून नेलं असतं.

त्यानंतर एका सकाळी मी आत गेले आणि दारातूनच मला रंग वेगळा वाटला. जवळ गेले, भिंग लावलं. टोकं फिकट झाली होती. भास नको म्हणून बाहेर जाऊन चहा घेतला आणि पुन्हा आले. फिकटच. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती कुंडी पिवळी पडून आडवी झाली. केनचं गवत चिवट होतं इतकंच, मेलं उशिरा, पण मेलं. त्याच दुपारी मोठ्या लॅबचाही निकाल आला: आमच्या जनुकाचा मागमूस नाही. हेलनने मला मिठी मारली. इंग्रज बाई मिठी मारते तेव्हा प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं.

मग तो तुकडा स्वच्छ का होता? जुन्या ग्रीनवर गवत स्वतःची निवड स्वतः करत असतं. वर्षानुवर्षं कापलं जातं, तुडवलं जातं, रोग येऊन जातात, आणि त्यातून एखादं रोप टिकतं, हळूहळू पसरतं, आपला कोपरा धरतं. त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. आम्ही काचघरात जे औषधाच्या जोरावर करून दाखवलं, ते त्या कोपऱ्यात एका रोपाने आपल्या संथ चालीने जमवलं होतं. पुढे केनने त्यातलेच गाभे काढून ग्रीनभर लावले. ते अजून पसरतायत. रोग पार गेला असं मी म्हणणार नाही, पण ग्रीन आहे, आणि पबच्या गाड्या अजून रस्त्यावरच लागतात.

पण हे सगळं नंतरचं. निकाल आला त्या दुपारी मी केनला फोन केला नाही. तोंडावर सांगायची अशी बातमी मला नोकरीत फार वेळा मिळाली नव्हती, ती मी फोनवर उधळणार नव्हते. तशीच गाडी काढली.

क्लबच्या फाटकातून आत शिरले आणि थांबले. ग्रीन इतकं सुंदर मी कधी पाहिलं नव्हतं. ठिपके होते, पण पट्टे सुतात ओढल्यासारखे सरळ कापलेले, कडा कात्रीने छाटलेल्या, भोवतीचा चर झाडून काढलेला. भिंतीलगत काळ्या पिशव्या ओळीने, प्रत्येकीचं तोंड घट्ट बांधलेलं. आणि बाकावर केन. कोट आणि टाय घातलेला, दाढी गुळगुळीत, हात मांडीवर. मला पाहून तो उठून उभा राहिला.

"आज मॅच आहे का?" मी बावळटासारखं विचारलं.

"नाही. मला वाटलं तू त्या लोकांना घेऊन येशील." तो माझ्या मागे रस्त्याकडे बघत होता. "उकरणारे. त्यांनी हे ग्रीन आधी पाहिलेलं नसणार. पहिल्यांदा बघतील तेव्हा नीटनेटकं असावं म्हटलं."

इतक्या दिवसांत हा माणूस रोज सकाळी उठून, उद्या जे उकरून नेणार ते गवत आज कापत होता. मी सरळ ग्रीनवर चालत गेले, दोरी ओलांडली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"केन, कुणी येणार नाही. आमचं नाहीये ते. तुमचंच आहे. इथलंच."

त्याने टायची गाठ सैल केली. डोळे पुसले, आणि पुसले ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. मग त्याने खाली, माझ्या पायांकडे पाहिलं.

"मग जरा बाजूला हो, लव्ह," तो म्हणाला. "त्याच्यावरच उभी आहेस तू."